चौथ्या मिनिटाचा खोकला

'तिसरी पाळी'चा नवा अल्बम शुक्रवारी मध्यरात्री आला.
पहाटे चारपर्यंत ऐकला,
ट्रामच्या डेपोत तीन महिने ओव्हरटाइम करून घेतलेल्या हेडफोनवर.
ड्राहोमिराला त्याची किंमत मी निम्मीच सांगितली आहे.

पहिल्या गाण्यात ड्रम पुढे आणून बसवलेत,
अगदी मांडीवर.
दुसऱ्यात बोट तारेवरून घसरतं
तेव्हा कातडीसुद्धा ऐकू येते.
तिसरं नाही आवडलं. सिंथेसायझर. कुणी मागितला होता?
पाचव्यात रादोवान गाण्याआधी श्वास घेतो
आणि त्या श्वासात कवळीचा बारीकसा टक्.
एमपीथ्रीत तो टक् नाही.
तीनदा तपासलं.
आपला गायक म्हातारा झालाय
हे फक्त मोठ्या फाइलीत कळतं.

व्लास्तिमिल म्हणतो, सगळं सारखंच.
त्याने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला,
एकदा ही फाइल लावली, एकदा ती.
दहापैकी सहा ओळखल्या.
"नाणं उडवलं असतं तरी पाच आल्या असत्या," तो म्हणाला,
"म्हणजे तुझी अशी एकच.
त्या एकीसाठी एवढे पैसे?"
हो. त्या एकीसाठीच.

पण तो आला होता दुसऱ्या अल्बमसाठी.
सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतली मैफल,
ओस्त्राव्हातला खाणकामगारांचा हॉल,
ओल्या कोटांचा वास, बाहेर काळपट बर्फ.
आता नव्याने स्वच्छ करून काढलेली,
चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ.

जुनी माझ्याकडे कॅसेटवरून उतरवलेली होती,
एकशे अठ्ठावीसची, किडक्या शेंगदाण्यासारखी कडवट,
झांजा वाजल्या की कुणी कागद चुरगाळतंय असं वाटायचं.
पण संथ गाण्यात चौथ्या मिनिटाला,
शेवटच्या कडव्याआधी सगळं थांबतं तिथे,
व्लास्तिमिलचा खोकला होता.
खोल, ओला, नऊशे मीटर खालून वर आलेला.
ती कॅसेट हातोहात गेली, तिच्या नकलांच्या नकला झाल्या.
ब्रनोमधला एक पोरगा ते गाणं गुणगुणताना
त्या जागी न चुकता खोकतो,
त्याला वाटतं, गाणंच तसं आहे.

व्लास्तिमिलने हेडफोन चढवले.
तिसऱ्या मिनिटाला हसू दाबलं,
लग्नाच्या अल्बममध्ये स्वतःचं पान येण्याआधी
माणूस सावरून बसतो तसा बसला.
चौथं मिनिट आलं, गेलं.
"मी कुठाय?"

काढलं तुला.
"कोणी?"
प्रागमधल्या कुणा मुलाने, पडद्यावर,
खोकल्यावर चौकोन आखून.
वाईट हेतू नसणार. त्याला तो डाग दिसला असेल.

खाण बंद झाली तेव्हा व्लास्तिमिल काही बोलला नव्हता.
तिच्या चाकाखाली आता शाळेच्या सहली जेवतात,
त्यावरही नाही.
आज मात्र त्याने टोपी टेबलावर आपटली.
"पैसे परत माग."

मी तो तुकडा पुन्हा लावला.
त्या जागी शांतता होती,
दर्जेदार, कितीही आवाज वाढवला तरी तळ न लागणारी.
मग एकाएकी लक्षात आलं:
रादोवान थांबलाय.
ताल त्याला बोलावतोय, बेस दारात उभा आहे,
आणि तो ओठांशी शब्द धरून वाट पाहतोय,
हॉलमधल्या कुणाचं तरी खोकणं संपायची.
खोकला पुसता आला त्यांना.
हे थांबणं पुसायला गाणंच कापावं लागलं असतं.

पुन्हा ऐकलं. पुन्हा.
व्लास्तिमिलने मनगटावरच्या घड्याळात मोजलं, ओठ हलवत.
अडीच सेकंद.

"तीन तरी होते," तो म्हणाला,
"मी चांगला खोकलो होतो."