दहा मिनिटांचा थांबा

रात्री दोन चाळीसला मेल यायची भुसावळात.
इंजिनाला पाणी, प्रवाशांना केळी,
आणि मला पहिल्या वर्गाची एक खिडकी
ठोठावायला दहा मिनिटं.

टीसी बऱ्हाटे चार्टावरचं नाव कुजबुजायचा,
मी पार्सलांची पावती-वही तशीच उघडी टाकून
पेन झटकत पळायचो.

राजा दिघोळ्यांनी टोपाविना सही केली.
म्हणाले, फोटोतला तो नागपूरला उतरेल,
मला झोपू द्या.
हेमांगिनीबाईंनी न विचारताच लिहिलं, 'चि. मधूस'.
माझं नाव निवृत्ती.
हा मधू कोण, हे चाळीस वर्षं
मी अधूनमधून मनात घोळवतो.

आणि एकदा घाईत, अंधारात
सुकुमार पाठकांच्या हाती दिला मी
त्यांच्या वैऱ्याचा फोटो.
ज्याच्यामुळे भूमिका गेल्या, कंपनी फुटली,
असं सगळे म्हणायचे, त्याचा.
शिट्टी झाली. मी जीभ चावली.
पाठकांनी पाहिलं. शपथेवर सांगतो,
दिव्याखाली धरून पाहिलं,
मग मांडीवर ठेवून सही केली
त्याच्याच नावाची.

घरी खरीशेजारी ठेवून बघितली.
तोच कलता र,
तेच शेवटच्या अक्षराचं शेपूट.
किती वह्या भरल्या असतील गिरवून?

बायको अमळनेरकडची. खोका आवरताना
तोच फोटो वर धरून विचारते,
"हाऊ कोन शे?"

मी फोटो उलटा करून देतो.
मागे माझ्या अक्षरात तारीख,
आणि: गाडी अर्धा तास लेट.