तीन पुरतात

हॉर्नर रोडच्या पार्किंगमध्ये
पहाटे पाच चाळीसला
आम्ही रांगेत उभे असतो, हात कोटाच्या खिशात,
अनोळखी गाड्यांची वाट बघत.
व्हर्जिनियात आम्हाला स्लग म्हणतात.
स्लग म्हणजे पूर्वी बसच्या पेटीत
कुणी टाकायचं ते खोटं नाणं.
थांब्यावर उभे, पण बसचे नव्हेत,
म्हणून ड्रायव्हरांनी हे नाव ठेवलं, असं सांगतात.
ठेवलं तर ठेवलं.
इथे खोटं नाणं रोज चालतं.

तीन तिगाडा काम बिगाडा,
हे या महामार्गाला कुणी सांगितलेलं नाही.
इथे तिसऱ्यावाचूनच अडतं.
तिघं असाल तर मधली लेन तुमची, फुकट, सुसाट.
एकट्याने पैसे मोजावेत
नाहीतर लाल दिव्यांच्या मागे मुंगीसारखं सरकावं.

काच खाली येते.
"पेंटॅगॉन, दोन."
गाडी पर्डीबाईंची. नाव त्यांनी कधी सांगितलं नाही,
आरशाला लटकलेल्या परवान्यावर आहे.
त्सेगाय पुढे बसतो, मी मागे.

नियम कुठे लिहिलेले नाहीत, सगळ्यांना पाठ आहेत.
पैशाची गोष्ट काढायची नाही.
गाडीवाला बोलेपर्यंत आपण गप्प.
देव, निवडणूक, घटस्फोट वर्ज्य.
आणि बाईला रांगेत एकटी सोडायची नाही.

आज आमच्या मागे एकच उरली होती.
डोक्यावरचा दिवा लागत होता, विझत होता.
त्सेगायने दार लावलं नाही.
काही बोलला नाही, फक्त लावलं नाही.
थंडी आत येत राहिली.
पर्डीबाईंनी आरशात पाहिलं,
मग माझ्या शेजारच्या फायलींच्या खोक्याकडे,
मग सुस्कारा टाकून उतरल्या
आणि खोका डिकीत टाकला.
"या. तुम्हीही."

कायद्याला तीन पुरतात.
चौथीचा आकडा कुठल्याच कॅमेऱ्याला नको असतो.

ती मांडीवर पिशवी घेऊन बसली,
पिशवीत कामावरचे पांढरे बूट.
बिल्ल्यावर मारिसेल, पुढचं मफलरखाली.

पलीकडे हजारो गाड्या,
प्रत्येकीत एक चेहरा, मोबाईलच्या उजेडात निळसर.
एकजण स्टीअरिंगवर वाटी ठेवून दूध-सिरियल खात होता.
आमच्या बाजूने बस गेली,
आत झोपलेली सगळी डोकी एकाच अंगाला कललेली.
रेडिओ स्प्रिंगफिल्डच्या अपघाताबद्दल सांगत होता.
आम्ही ऐकत होतो, किंवा नव्हतो.

लॉर्टनच्या आसपास
मारिसेलचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.
याबद्दल काही नियम नाही.
मी आठवून पाहिलं.
मग पेंटॅगॉनपर्यंत हात हलवला नाही,
बोटांना मुंग्या आल्या तरी.

उतरताना तिघांचं थँक यू,
थोडं मागेपुढे.
मारिसेलने मफलर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं नाही,
आणि झपझप चालू लागली.
पर्डीबाई काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक खोक्याबद्दल,
पण मागच्या बसने हॉर्न दिला.