पाच गॅलन

सकाळी साडेपाचला गाडी भरतो आम्ही, मी आणि शाजी.
एकशे चाळीस कॅन, निळे, पाच-पाच गॅलनचे.
तोवर सोहारच्या बंदराकडून वास यायला लागलेला असतो,
जळक्या रबराचा, कधी नासक्या अंड्याचा.
शाजी म्हणतो, पैशाचा.

दहा वाजता कॅनला हात लावला की चटका बसतो.
आतलं पाणी आंघोळीचं झालेलं.
लोक विचारतात, थंड नाही का?
मी म्हणतो, फ्रीजमध्ये ठेवा, अरबाब.

गोड मी खात नाही.
ईदचा शीरखुर्माही वाटीच्या तळाला टेकेल एवढाच.
वडील ब्याऐंशीपर्यंत बाणकोटच्या खाडीत होडी वल्हवत होते,
साखरेचं नाव त्यांच्या रक्तानं ऐकलं नव्हतं.
म्हणून कागदावर दोनशे ऐंशी दिसल्यावर
मी आधी नाव तपासलं.
इब्राहिम मुकादम. माझंच.

डॉक्टर म्हणाले, भात कमी करा.

रक्त काढणारी सुगंधा तांडेल, अलिबागजवळच्या थळची.
तिनं विचारलं, काम काय करता?
सांगितलं.
ती जरा गप्प झाली. मग कापूस दाबत म्हणाली,
काका, छातीठोक कुणी सांगत नाही,
पण प्लास्टिक तापलं की त्यातलं काहीतरी सुटतं,
थेंबाचाही कण,
आणि अंगात गेलं की हार्मोनसारखं वागतं.
साखर सांभाळणारं सगळं त्यानं बिघडू शकतं म्हणतात.
शकतं, हं. भात कमी कराच.

मला ते लगेच कळलं.
आमच्या खोलीत एक जण होता,
दुसऱ्याच्या बताक्यावर दोन वर्षं कामाला.
ओळखपत्रावरचा फोटो धूसर, दाढी सारखी,
गेटवरचा वॉचमन न बघताच सोडायचा.
आत जाऊन मात्र त्याला वेल्डिंग येत नव्हतं.
आणि ज्याचा बताका, ज्याला काम येत होतं,
तो एक दिवस आला तर उन्हात उभा.
गेट म्हणतं, तू तर मघाशीच आत गेलास.

तसं.

तेव्हापासून मागचं आठवत राहतं.
अकरा वर्षं.
करक चहाचा ग्लास, कागदाचा, पण आत चकाकी.
डाळ गरम करायचा तो आइस्क्रीमचा रिकामा डबा,
कडा कायमच्या पिवळ्या झालेल्या.
पावत्या, रोज दीडशे, अंगठा जिभेला लावून मोजलेल्या.
गुळगुळीत कागद.
तसलाच क्लिनिकच्या यंत्रातूनही निघतो.
माझा दोनशे ऐंशी मी डॅशबोर्डवर ठेवला होता,
आठवड्याभरात उन्हानं पुसत नेला.
कागदाची साखर उतरली, शाजी म्हणाला.
हसलो दोघंही. हसू आलं खरंच.

सुपरवायझरला म्हटलं, कॅन सावलीत ठेवू या.
गोदामासमोर एक गाफचं झाड आहे, एकच.
तो म्हणाला, त्याच्याखाली मावतात किती?
मोजले. बावीस.

तर बावीस ठेवतो.
शाळेचे सोळा, दवाखान्याचे चार,
उरलेले दोन त्या घरचे, जिथली बाई पोटुशी आहे.
दार अर्धंच उघडते, पैसे मोजून देते.
तिला काही सांगत नाही.
"शकतं" हा शब्द अरबीत कसा म्हणतात
मला अजून येत नाही.

मागल्या जुम्याला बहलाहून मातीची जहला आणली,
अडीच रियाल, दोरीनं टांगायची.
पाणी गार राहतं, घोटाला मातीचा वास येतो.
जुलेखाला व्हिडिओवर दाखवली.
छान आहे, म्हणाली.
मग म्हणाली, आणि भरता कशातून?

मी फोन जरा वर धरला.
खिडकीखाली होता तो, निळा,
ऊन त्याच्या अर्ध्यावर आलेलं.