बोगद्याच्या तोंडाशी

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
आम्ही चौघं भेटतो,
समुद्राखालून आलेला बोगदा जिथे वर निघतो
तिथल्या पेट्रोल पंपाच्या मागच्या खोलीत.
फॅरोची चार गावं, चार प्रार्थनामंदिरं,
आणि आम्हा चौघांच्या हवाली केलेली
सगळी मिळून एकोणतीस पोरं.
अठ्ठावीस, सुना दुरुस्त करते,
एक परवा मासेमारीच्या बोटीवर लागला.

खोलीला टायरांचा वास आहे.
पंपवाला हान्स पॉली कधी प्रार्थनेला बसत नाही,
पण आम्ही यायच्या आधी अर्धा तास
हीटर लावून ठेवतो.
याला काय म्हणायचं
ते आम्ही अजून ठरवलेलं नाही.

आधी ओले मोजे वाळत घालायचे,
मग या महिन्यात कोण किती हरलं ते सांगायचं.
त्रोंदूर मेंढ्या राखतो,
बोलताना नखांतली लोकर काढत बसतो.
म्हणाला, मी वचनावर बोलायला उठलो
आणि पहिल्याच वाक्याला एक पोरगी घोरायला लागली.
आम्ही हसलो. तोही हसला.
रात्रपाळी असते तिची, मासळीच्या कारखान्यात,
तो नंतर म्हणाला, नखांकडे बघत,
मग मी दिवा घालवला
आणि बाकीच्यांना हळू आवाजात शिकवलं.

नोव्हेंबरात रान्वानं टेबलावर किल्ल्या ठेवल्या.
सभागृहाची एक, कपाटाची एक,
आणि एक, जी कशाची ते कुणालाच माहीत नाही.
उद्या पाळकांना देऊन टाकते, म्हणाली.
काल चौदा जणांचं वॉफलचं पीठ भिजवलं.
दोघं आले.
त्यातला एक फोन चार्ज करायला.

माझ्या जिभेवर एक वचन आलं होतं.
गिळलं.
काही वचनं पाठीवरच्या थापेसारखी असतात,
मारणाऱ्यालाच बरं वाटतं.

बराच वेळ फक्त हीटर बोलत होता.
मग सुनानं विचारलं,
पीठ उरलंय का?
गाडीत आहे, रान्वा म्हणाली. टाकवलं नाही.
साचाही गाडीतच होता.
हीटरशेजारी त्याची पिन खोचली मात्र,
फ्यूज उडाला,
खोली, पंप, बाहेरची पाटी,
सगळंच एका दमात गेलं.

त्या अंधारात रान्वा रडली.
उजेडात ती रडली नसती,
तिच्या गावात बायका उजेडात रडत नाहीत.
कुणी कुणाचा हात धरला
ते मला दिसलं नाही,
माझा कुणीतरी धरला होता एवढं खरं,
आणि त्या हाताला लोकरीचा तेलकटपणा होता.

हान्स पॉली टॉर्च घेऊन आला,
काही न विचारता फ्यूज बसवला,
आणि पहिलं वॉफल
दारातच उभ्यानं खाल्लं.
मीठ कमी आहे, म्हणाला, आणि गेला.

प्रार्थना त्रोंदूरनं केली. एकाच ओळीची.
प्रभू, त्या पोराच्या फोनची बॅटरी
पुढच्या सोमवारपर्यंत उतरू दे.
आमेन म्हणताना
रान्वाचं नाक अजून वाहत होतं, आणि ती हसत होती.

किल्ल्या तिनं उचलल्या.
कुठे ठेवल्या, मी पाहिलं नाही.
बोगद्यातून परतताना रेडिओ बंद ठेवला.
डोक्यावर आख्खा समुद्र,
आणि गाडीत व्हॅनिलाचा वास.

सोमवारी मी चाळीस मिनिटं गाडी चालवत तिच्या गावी गेलो.
सुना दुपारच्या फेरीनं आलेली होती,
धुक्यात दोन तास अडकून.
त्रोंदूरची एक मेंढी अडली होती,
त्यानं मीठ पाठवलं.

सभागृह उघडं होतं.
पाच जण जमलो,
त्यातले तिघं आम्हीच.

तो पोरगा आला, भिंतीशी बसला,
फोनला वायर लावली.
त्याच्यासमोर बशी ठेवताना
नजर सहज पडद्यावर गेली,
सत्तर टक्के.

मी काही बोललो नाही.
अजून घेणार का, एवढंच विचारलं.