वहीत एकच नाव

रात्री पावणेदोनला मिरजेच्या दवाखान्यात
एमआरआय अडलं.
आत शेडबाळचा एक ट्रॅक्टरवाला,
डोकं नळकांड्यात, हलायचं नाही असं बजावलेलं,
आणि बाहेर पडद्यावर एक ओळ:
जागा शिल्लक नाही.

डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, स्कॅनचं नुसतं पेव फुटलंय.
तेव्हा हा शब्द जमिनीतला आहे
हे माझ्या ध्यानात नव्हतं.

मी तळघरात उतरले.
(सर्व्हर तळघरात ठेवणारा माणूस
कृष्णाकाठचा नसणार.)
जागा तर होती. कपाटात आठ टेराबाईट
हिरवे दिवे लुकलुकवत रिकामे बसलेले.
पण व्हर्च्युअल मशीन ज्याच्यावर उभं, ते जुनं सॉफ्टवेअर
एका डिस्कला दोनच्या वर जाऊ देत नाही.
दोन म्हणजे दोन, त्यातूनही चिमूटभर कमीच.
नवं घ्यायचं तर विश्वस्तांची सभा, सभेला कोरम,
आणि कोरमला पाडव्याआधी मुहूर्त नाही.

दारात अण्णाप्पा चौगुले, रात्रपाळीचे वॉचमन,
हातात थर्मास.
"काय झालं ओ ताई?"
काय सांगणार? म्हटलं, माल जास्त आहे
आणि एक कोठार ठरलेलंच धरतं.
"मग हरिपुरात काय येगळं हुतं?" म्हणाले.
वीस वर्षं हळदीच्या पेवांत उतरलेला माणूस,
कमरेला दोर लावून.
"पेव काय आपल्यासाठी रुंद व्हत न्हाई.
मोठा माल आला की सात पेवांत वाटायचा.
वहीत एकच नाव."

तेच तर करत होते मी.
दोन-दोनच्या तीन डिस्का, खालून सांधलेल्या,
मशीनला वाटावं सलग सहा.
बोट एंटरवर.

"आन् एका पेवात पाणी शिरलं तर?"

तर, म्हणाले मी, आणि थांबले.
तर मधली एक मेली की तिन्ही गेल्या.
सहा टेराबाईटचा लगदा,
कुणाचा मणका कुणाच्या मेंदूत.

"आमचं तसं न्हाई." त्यांनी झाकणात चहा ओतला.
"पाच साली नदी आली. नदीकडची चार गेली,
हळद कुजून वास सुटला आठ दिस.
वरच्या अंगाची तीन कोरडी ठणठणीत.
नाव एक, पर भोकं सात."

मी सांधा सोडवला.
आधी एक कोरी डिस्क, फक्त चालू सालची.
तेवीस, चोवीस, पंचवीस आपापल्या जागी नंतर जातील,
आणि वर एकच फोल्डर, त्यात नुसते दुवे,
कुठलं साल कुठे ते सांगणारे.
डॉक्टरांना तिथे एकच नाव दिसेल.

"लगीच उतरू नका," अण्णाप्पा म्हणाले.
"झाकण काढून वारं शिरू द्यायचं.
मग कंदील सोडायचा. इझला तर माणूस सोडायचा न्हाई."

मी एकच स्कॅन सोडला आत.
कुणाचा तरी डावा गुडघा.
परत उघडून पाहिला: वाटी, कूर्चा, फाटलेला लिगामेंट,
सगळं शाबूत.
वर फोन केला, घ्या.
यंत्र पुन्हा ठोकायला लागलं, धाड धाड धाड,
आणि ट्रॅक्टरवाला, म्हणे, तोवर झोपी गेला होता.

पहाटेपर्यंत जुनी सालं हलवत बसले.
माझ्या हिशेबानं दीड वर्षाची सोय झाली,
स्कॅन असेच येत राहिले तर सव्वा.
शेवटी रजिस्टर काढलं, कागदाचं,
आणि पेन्सिलीनं लिहिलं, कुठली डिस्क, कुठलं साल.

"तारीख घाला," अण्णाप्पा मागून म्हणाले,
"आन् पेनानं लिवा.
आमच्या दिवाणजीनं एका पेवाची नोंद घातली न्हवती.
माणूस गेला. वही ऱ्हायली.
ते पेव अजून हाय कुठंतरी,
कुणाच्या तरी पडवीखाली,
तोंडापोत्तर भरलेलं."