भावकी

शिंका आधीपासून होत्या.
औशाच्या शाळेत मी शिंकायला लागले की
गुरुजी प्रार्थनाच थांबवायचे,
माझं संपेपर्यंत.
मैदानाच्या कडेनं कमरेएवढं गाजरगवत,
खोबऱ्याचा कीस सांडल्यासारखी फुलं.
कोपराच्या घडीतले चट्टे बघून बाया सरकायच्या,
आणि आई सांगत फिरायची,
'खरूज नव्हं हो, खरूज नव्हं.'

पोट नंतर आलं.
एकोणतिसाव्या वर्षी, लातुरात,
आडत बाजारामागच्या भुईकाट्यावर
मी तुरीच्या गाड्यांची वजनं लिहीत असताना.
भरलेली. रिकामी. वजाबाकी.
माझंही तेच चाललेलं,
मार्चात चोपन्न, जूनमध्ये पंचेचाळीस.
रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा
काल बीट खाल्लं होतं का, हे आठवत बसले.

त्या वर्षी नळ दहा दिवसांनी यायचा
आणि मला दिवसातून अकरा वेळा जावं लागायचं.
हे गणित कुणापुढं मांडायचं?
वहिनी काही बोलली नाही.
फक्त मोरीतला मग बदलला,
लहान आणला.

देवणीकर डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली,
फोटो पाहिले,
आणि पोटाचं सोडून नाकाचं विचारायला लागल्या.
धूळ? गवत? लहानपणी अंगावर काही?
म्हटलं, बाई, तुम्ही मजला चुकलात.
हसल्या.
म्हणाल्या, ही दोघं बरेचदा एकाच घरात सापडतात.
याच्यामुळं ते झालं, असं मात्र म्हणवत नाही,
आम्हालाच पुरतं उलगडलेलं नाही.
मग चष्मा पुसत,
'सख्खे नसावेत. भावकीतले म्हणा.'

भावकी मला कळते.
बांध एक, विहीर एक, बोलणं बंद,
आणि खोड तीच.
एकजण रस्त्यानं चाललेल्या वाटसरूवर काठी उगारतो,
दुसरा रात्री उठून
आपल्याच माजघरात फिरवतो.
सकाळी दोघंही म्हणतात, चोर होता.

फरक एवढाच,
एकाचं नाव चारचौघांत घेता येतं.
पंगतीत येसर आमटीचा वाढपी समोर आला,
म्हटलं, अ‍ॅलर्जी आहे.
शेतावर हुरड्याला बोलावलं, अ‍ॅलर्जी.
उदगीरला साखरपुडा, एसटीनं दोन तास,
मधे कुठं उतरायची सोय नाही,
अ‍ॅलर्जी.
कुणी विचारलं नाही,
एसटीची कसली अ‍ॅलर्जी.
मामा तर म्हणालेच होते,
'स्थळाला शिंकांचं सांगा. पोटाचं मागून बघू.'
म्हणजे बघा,
शिंकांनी माझी सगळी लाज
सातबाऱ्यावर चढवावी तशी
स्वतःच्या नावावर करून घेतली.
लहानपणी मी त्यांना किती शिव्या दिल्या.

आता गोळ्या आहेत. एकोणपन्नास किलो आहे.
काही महिने बरे जातात,
मग एखाद्या पहाटे पुन्हा काठीचा आवाज.

परवा जळकोटची गाडी काट्यावर उभी राहिली.
पोरगेला ड्रायव्हर, कपाळावर घाम,
डिसेंबरात.
तो खाली उतरला तसा
पाटीवरचा आकडा पन्नासानं घसरला.
एवढ्या उंच पोराचे फक्त पन्नास.
खिडकीशी येऊन म्हणाला, 'ताई, इथं कुठं...'
मग मागच्या हमालांकडं बघून,
'काही नाही. डाळीची जरा अ‍ॅलर्जी आहे.'

गाडीत बारा टन तूर.

मी किल्ली काढली,
भिंतीवरच्या खिळ्याची नव्हे,
माझ्या पर्समधली.
'मागं, पत्र्याच्या शेडला लागून.
बादली भरलेली आहे. सगळी वापर.'

पावतीवर पेन टेकवून थांबले.
मागं चार गाड्या, चारी हॉर्न.
वाजू दे.