वाजवणारा

भूमिका मीच लिहिल्या, एप्रिलमध्ये,
तामुला तळ्यावरचा बर्फ
करकरत फुटत होता तेव्हा.
आयोजक: तिकीट काढू शकतो, रद्द करू शकतो.
विक्रेता: विकू शकतो, ठरल्या भावाच्या वर नाही.
तपासनीस: ‘वापरलं’ अशी खूण करू शकतो, बस्स,
तीही संध्याकाळी सहा ते रात्री बारा.
प्रेक्षक: बाळगू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, येऊ शकतो.
ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं.
आई साखरसुद्धा मोजून द्यायची.

जुलैतला शनिवार. व्होरू गावाबाहेर
धान्य वाळवायचं जुनं कोठार.
दहा वाजले तरी ऊन जायचं नाव घेईना.
दारात हेल्वी, माझी भाची,
एका हातात फोन, दुसऱ्यानं डास मारत.
चारशे बारा तिकिटं, चारशे बारा खुणा.
मग एल्मार आले, काखेत कानेल,
घोड्यावरच्या घोंगडीत गुंडाळलेलं.
‘तिकीट?’
‘मी वाजवणार आहे, पोरी.’

तिनं मला तालिनला फोन लावला.
मी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.
वाजवणारा कुठंच नव्हता.

नवी भूमिका जोडायची तर तीन सह्या.
हेही मीच लिहिलेलं,
कुणा एकाच्या मुठीत सगळं नको म्हणून.
एक माझी. दुसरी आयोजक बाईंची.
तिसरा खजिनदार माद्दिस, तो सौनात,
वाफेत उघडाबंब,
आणि फोन बाहेर, खुंटीवरच्या पँटच्या खिशात.

‘थांब,’ मी म्हणालो.
‘थांबते,’ ती म्हणाली.
फोन चालूच होता. डास,
आत चारशे बारा जणांची चुळबुळ,
आणि मग खळ्ळकन काहीतरी.

त्या दाराला एक साखळी आहे,
ब्लॉकचेनची नव्हे, लोखंडाची, गंजकी.
टोकाला आकडा. तो काढायला
कुणाची सही लागत नाही.

माद्दिस सव्वाअकराला निघाला, लालबुंद,
केसांतून पाणी ठिबकत असताना सही केली.
तोवर एल्मारांची तार दोनदा तुटून
दोनदा बांधून झाली होती.

वही खोडता येत नाही, म्हणून तर ती घेतली.
तिच्यात लिहिलंय: चारशे बारा ऐकायला आले.
सव्वाअकराला ‘वाजवणारा’ जन्मला.
त्याच्यापुढे खूण नाही. तो अजून बाहेरच उभा आहे.

बाराच्या ठोक्याला हेल्वीची परवानगी आपोआप संपली,
मी लिहिली होती तशीच, सेकंदाचा फरक नाही.
ती आत जाऊन बसली,
विनातिकीट,
मागच्या बाकावर, चपला काढून.
आकडा परत अडकवायला विसरली.